स्परियर म्हणजे नुसती फेकाफेक? जरा थांबा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की स्टीव्ह स्परियरबद्दल एक ठरलेलं मत हमखास पुढे ढकललं जातं: क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) असताना नुसता हात होता, कोच झाल्यावरही लांब फेकी एवढंच शिकवलं, रनिंग (चेंडू हातात घेऊन धावणं) त्याला कधी कळलं नाही, फ्लोरिडात पोरं चांगली मिळाली म्हणून जिंकला, हट्टाने काही बदललं नाही आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये उघडा पडला. शेवटचं अर्धं खरं आहे. बाकीचं एकेक बघू.

नुसता हात? 29 ऑक्टोबर 1966, तो फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळत होता, समोर ऑबर्न, 27-27 अशी बरोबरी, शेवटची दोनेक मिनिटं आणि चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न. नेहमीच्या किकरला ते अंतर झेपणारं नव्हतं. स्परियरने स्वतःच 40 यार्डांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलपोस्टमधून घालवून तीन गुण) मारला, 30-27. फ्लोरिडाचं पंटिंगही (चेंडू लाथेने दूर धाडणं) तोच करायचा. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच मिळाली.

पोरं चांगली मिळाली म्हणणाऱ्यांनी आधी ड्यूक बघावं. बास्केटबॉलवर जीव टाकणारं विद्यापीठ. फुटबॉलचं एसीसी (ड्यूक ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं तो) विजेतेपद 1962 नंतर आलेलंच नव्हतं. स्परियर 1987 मध्ये मुख्य कोच झाला आणि 1989 मध्ये ते आलं, व्हर्जिनियाबरोबर वाटून का होईना. फ्लोरिडाच्या नावावरही 1990 मध्ये तो कोच म्हणून येईपर्यंत अधिकृत एसईसी (फ्लोरिडाचा गट) विजेतेपद एकही नव्हतं. त्याच्या 12 हंगामांत सहा झाली.

आता रनिंगचा मुद्दा, कारण सगळा घोळ इथेच आहे. फ्लोरिडाचा सर्वाधिक रशिंग (धावून मिळवलेल्या) यार्डांचा विक्रम, 4,163, एरिक्ट रेटचा आहे आणि तो 1990 ते 1993 स्परियरकडेच खेळला. हा योगायोग नाही. त्याची लांब फेक रनिंगवरच उभी असते. त्याचा गाजलेला ‘मिल्स’ पॅटर्न घ्या, रिसीव्हर (फेक झेलणारा) अर्नी मिल्सच्या नावाचा. एकाच बाजूला दोन रिसीव्हर. आतला सुमारे 12 यार्ड सरळ जाऊन काटकोनात मैदानाच्या मध्याकडे वळतो. बाहेरचा त्याच्या मागून तिरपा, गोलपोस्टच्या रोखाने सुटतो. क्वार्टरबॅक आधी चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी नेऊन दिल्यासारखं करतो, मग मागे जाऊन फक्त एका माणसाकडे बघतो: त्या बाजूची सेफ्टी, म्हणजे बचावातला सर्वांत मागचा खेळाडू. ती आतल्या रिसीव्हरवर झेपावली की चेंडू तिच्या डोक्यावरून, मागेच राहिली की 12 यार्डांवर. पण बॅक खरंच धावेल अशी भीती नसेल तर सेफ्टी पुढे येतेच कशाला? त्याच्या आक्रमणाला पडलेल्या ‘फन अँड गन’ या नावामुळे लोकांना फक्त गन दिसते. पुढे साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा कोच असताना तर नोव्हेंबर 2010 मध्ये त्याने फ्लोरिडाविरुद्धच रनिंग बॅक मार्कस लॅटिमोरच्या हाती 40 वेळा चेंडू दिला. 212 यार्ड, तीन टचडाउन, 36-14, आणि विद्यापीठाला पहिल्यांदाच एसईसीच्या पूर्व विभागाचं जेतेपद.

हट्टी स्वभाव? व्हायजर जमिनीवर आपटणाऱ्या माणसाला शांत कोण म्हणेल! पण डावपेचात त्याने बदल केले. 1995 च्या हंगामाअखेर नेब्रास्काने 62-24 धुतल्यावर बचावाचा कोच म्हणून बॉब स्टूप्सला आणलं. 30 नोव्हेंबर 1996 ला फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाकडून 24-21 हरताना क्वार्टरबॅक डॅनी वुर्फलने बेदम मार खाल्ला. कारण साधं होतं: सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) पाठीला चिकटून चेंडू घ्यायचा, मग पाच-सात पावलं मागे यायचं, लांब पॅटर्न उमलेपर्यंत पास रश (फेकणाऱ्यावर धावून येणारे बचावपटू) अंगावर. 2 जानेवारी 1997 ला शुगर बोलमध्ये समोर तोच संघ होता. स्परियरने वुर्फलला शॉटगनमध्ये, सेंटरपासून पाचेक यार्ड मागे, उभं केलं. मागे येण्याची पावलं वाचली, रश पहिल्या क्षणापासून समोर दिसायला लागला. यात तोटाही असतो: स्नॅप (सेंटरने मागे दिलेला चेंडू) झेलताना नजर क्षणभर बचावावरून हटते आणि धावण्याचं सोंग कमी पटतं. त्या रात्री सौदा परवडला. वुर्फलचे 306 यार्ड, 52-20, राष्ट्रीय विजेतेपद.

राहिलं एनएफएल. वॉशिंग्टनमध्ये 2002 ला सात विजय, नऊ पराभव; 2003 ला पाच विजय, अकरा पराभव. यावर पांघरूण घालायचं कारण नाही. क्वार्टरबॅकच्या संरक्षणाला माणसं कमी ठेवून रिसीव्हर बाहेर पाठवायची सवय तिथल्या ब्लिट्झपुढे (जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर सोडणं) महागात पडली आणि किंमत क्वार्टरबॅक पॅट्रिक रॅम्झीच्या फासळ्यांनी मोजली. मैदानही वेगळं. कॉलेजात दोन हॅशमार्कमध्ये (चाल ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या मैदानावरच्या खुणा) 40 फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे चेंडू हॅशवर असताना रुंद बाजूला कॉलेजात 100 फूट मिळतात, तिथे साधारण 89. झेल घेताना कॉलेजात एक पाय आत पुरतो, तिथे दोन लागतात. ही गणितं त्याने पुरेशी बदलली नाहीत, ही टीका रास्तच.

पण त्यावरून आधीची पद्धतच पोकळ होती असं ठरत नाही. 2005 मध्ये तो साउथ कॅरोलिनात गेला तेव्हा त्या संघाने एका हंगामात 11 सामने कधीच जिंकले नव्हते. 2011, 2012 आणि 2013, सलग तीन वर्षं जिंकले. त्यातल्या बऱ्याच सामन्यांत क्वार्टरबॅक कॉनर शॉ स्वतः चेंडू घेऊन पळत होता.