पाच बँकांत फाईल टाकली शोरूमवाल्यांनी, सिबिल पडला माझा

डोकं फिरलंय माझं कालपासून, म्हणून लिहितेय, आणि सगळं लिहिणार आहे.

मागच्या महिन्यात गाडी बघायला सांगलीतल्या एका शोरूमला गेलो होतो. आईला दर पंधरा दिवसांनी तासगावहून मिरजेला हॉस्पिटलला न्यावं लागतं, एसटीच्या पायऱ्या तिला आता चढवत नाहीत आणि दर वेळी भाड्याची गाडी करणं परवडत नाही, म्हणून गाडी. ऑन रोड साडेदहा लाखाला बसत होती, अडीच लाख साठवलेले होते, बाकी आठ लाखाचं लोन काढायचं असं घरात ठरलं. फायनान्सच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "ताई पॅन कार्ड द्या, फक्त एलिजिबिलिटी बघतो." मी तोंडाने विचारलं त्याला, सिबिलवर, म्हणजे कर्ज देण्याआधी बँका बघतात त्या स्कोअरवर, काही परिणाम नाही ना होणार? "नाही ओ ताई, नुसतं चेक करायचंय, काही होत नाही त्यानं."

मग ओटीपी आला, तो सांगितला. दोन मिनिटांनी दुसरा आला. मग तिसरा. प्रत्येक वेळी तेच, "नेट स्लो आहे ताई, परत पाठवलाय." टॅब त्याच्याकडे तोंड करून, मला स्क्रीन दिसतच नव्हती, आणि मी आपली मोबाईलवर येईल तो आकडा वाचून दाखवत होते. वर म्हणाला, एखादा ओटीपी लागला तर घरी गेल्यावर फोन करून घेईन. आणि घेतले की, दोन घेतले संध्याकाळी, मी भाकरी करत होते तेव्हा.

रात्री मेसेज बघितले तर माझा क्रेडिट रिपोर्ट अमक्या बँकेने बघितला, तमक्या फायनान्स कंपनीने बघितला, असे लागोपाठ पाच मेसेज. हे मेसेज तरी येतात ते रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये नियम काढला म्हणून, नाहीतर मला कळलंच नसतं.

रिपोर्ट काढला. शेवटी एन्क्वायरीचा, म्हणजे कुणी कुणी आपला रिपोर्ट मागवला त्याचा, एक तक्ता असतो, तो बघा कधी तरी सगळ्यांनी. पाच ओळी. तारीख पाचही ओळींना एकच. हेतूच्या रकान्यात पाचही ठिकाणी ऑटो लोन. रकमेत चार ठिकाणी 8,00,000 आणि एका ठिकाणी 10,00,000! दहा लाख मी कधी मागितले? कुणाला मागितले? स्कोअर 788 होता, 766 झाला. एकही हप्ता चुकलेला नाही माझा आयुष्यात, क्रेडिट कार्डाचं बिल मी तारखेच्या आधी भरते, टू व्हीलरचं लोन मुदतीआधी फेडलेलं, आणि त्या माणसाने एका दिवसात 22 पॉइंट घालवले.

आता मला जे नंतर कळलं ते सांगते. आपण स्वतः आपला स्कोअर कितीही वेळा बघितला तरी काही होत नाही, ती सॉफ्ट एन्क्वायरी. पण कर्जाचा अर्ज आला म्हणून बँकेने रिपोर्ट मागवला की ती हार्ड एन्क्वायरी, ती नोंद राहते आणि पुढची प्रत्येक बँक ती वाचते. शोरूमवाले ज्याला "फाईल लॉगिन करणं" म्हणतात ना, ते म्हणजे हेच. तुमची एक फाईल ते चार-पाच ठिकाणी लॉगिन करतात, जिथे पटकन पास होईल आणि जिथून त्यांना पेआउट, म्हणजे कमिशन, जास्त मिळेल तिथलं लोन तुमच्या गळ्यात मारतात, आणि बाकीच्या चार बँकांच्या एन्क्वायरी राहतात तुमच्या नावावर. त्यांचं काय गेलं? त्यांचा कुठला स्कोअर आहे पडायला? चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग मी माझ्या नेहमीच्या बँकेत गेले, जिथे पगार जमा होतो. तिथे सगळ्यात कमी दर 775 च्या वर स्कोअर असलेल्यांना. मी महिनाभर आधी आले असते तर 8.90 टक्के बसला असता, आता 9.15. हिशोब केला मी, आठ लाख, सात वर्षं, हप्त्यात महिन्याला शंभर रुपयांचा फरक, सात वर्षांत साडेआठ हजार. कुणी म्हणेल एवढ्यासाठी काय एवढं. अहो पण का द्यायचे मी ते? साडेआठ हजारात आईच्या गोळ्या येतात कितीतरी महिन्यांच्या. आणि त्याहून लागलं ते बँकेतल्या मॅडमचा प्रश्न, "एका दिवसात पाच ठिकाणी अर्ज केलाय तुम्ही, काही अडचण आहे का पैशाची?" मान खाली गेली माझी, काहीही चूक नसताना. वर म्हणाल्या, सहा महिने थांबा, कुठेही अर्ज करू नका, आपोआप सुधारेल. सहा महिने आईने एसटीने जायचं का?

मला हेच समजत नाही, आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? चार दुकानं फिर, भाव विचार, मग घे. साडी घेताना बघतो, धान्य घेताना बघतो, आणि आयुष्यातलं दुसऱ्या नंबरचं मोठं कर्ज काढताना चार बँकांचे दर बघितले तर त्याची शिक्षा? माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. तिथे कार लोनसाठी ठरावीक दिवसांत, 14 ते 45 दिवस, जो स्कोअर वापरतात त्याप्रमाणे, कितीही ठिकाणी विचारलं तरी स्कोअरला ती एकच एन्क्वायरी धरतात, कारण सरळ आहे, माणूस गाडी एकच घेणार आहे! एवढी साधी गोष्ट. माझ्या रिपोर्टवर मात्र पाच बँका म्हणजे पाच वेगळ्या ओळी, आणि वाचणाऱ्याला वाटतं ही बाई पैशासाठी दारोदार फिरतेय.

शोरूमला फोन केला. मॅनेजर म्हणे, "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात, म्हणजे तुमची संमती होती." कशाची संमती? एलिजिबिलिटी बघतो म्हणून घेतलेला ओटीपी पाच अर्जांची संमती कसा होतो? एक तरी बँकेचं नाव सांगितलं होतं का मला? कागद दाखवला होता का? बोलायला लागले तर "सगळे असंच करतात मॅडम" म्हणून फोन ठेवला. सगळे करतात ही लाज वाटायची गोष्ट आहे, सांगायची नाही.

तुमच्यापैकी कुणी गाडी घेणार असेल तर प्लीज ऐका, पॅन आणि ओटीपी शोरूममध्ये देऊ नका. दर विचारायला पॅन लागत नाही, स्कोअर तोंडी सांगा आणि दर विचारा, बऱ्याच बँकांचे दर तर वेबसाइटवर असतात. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या, चौघांनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे, जाण्याआधी तो काढून बघा. मग एकच बँक ठरवा आणि शोरूमला व्हॉट्सॲपवर लिहून द्या की याच बँकेत लॉगिन करा, दुसरीकडे नाही. लिहूनच द्या, तोंडी बोललेलं कुणी मानत नाही.

मी तक्रार टाकलीय, त्या दहा लाखाच्या ओळीवर आणि बाकीच्या चारांवरही, सिबिलकडे आणि त्या पाचही ठिकाणी. 30 दिवसांत निकाल लावायचा असतो, नाही लावला तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, हा पण नियम आहे, एप्रिल 2024 पासून. आज अकरावा दिवस. तिसावा उलटला की मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, त्या पाच मेसेजचे स्क्रीनशॉट आणि त्या मुलाच्या संध्याकाळच्या दोन फोनची वेळ, सगळं जपून ठेवलंय.

आणि काल दुपारी त्याच शोरूममधून दुसऱ्या एका मुलाचा फोन. "ताई, ऑफर चालू आहे, पॅन नंबर सांगता का, फक्त एलिजिबिलिटी बघतो."