कौतुकाचा आहेर

तुम्ही लिहू लागलात असं कळलं. व्हायचं ते झालं. घरच्यांनी सोसायचं ठरवलंच असेल, तर आता बाहेरून प्रोत्साहन मिळवण्याचं बघा. त्यासाठी जळगाव-धुळे-नंदुरबारसारखा मुलूख नाही. इथे कापूस दगा देतो, केळीचा भाव पडतो, पण लेखकाला लेखकाकडून मिळणारं कौतुक कधी आटलेलं ऐकिवात नाही. फक्त रीत माहीत हवी.

लग्नघरी आहेराची वही असते. कोणी किती घातले ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढेच, फार तर थोडे चढवून, परत घालायचे. कौतुकाची वही अशीच ठेवा. एरंडोलच्या आप्पांनी तुमच्या कवितेला ‘चिंतनशील’ म्हटलं, तर त्यांच्या कवितेला निदान ‘चिंतनगर्भ’ म्हणणं आलं. चोपड्याच्या नानांनी ‘एक नंबर लिखं भो!’ म्हणून पाठ थोपटली, तर नुसत्या ‘एक नंबर’वर फिटणार नाही, त्यांना खान्देशातले पहिले काहीतरी ठरवावं लागेल. पहिले मुक्तछंद ओवीकार, पहिले अहिराणी हायकूसम्राट. जागा पुष्कळ रिकाम्या आहेत. यासाठी त्यांचं काही वाचायची गरज नाही. आहेराचं पाकीट कोणी मांडवात फोडून बघतं का?

साहित्य मंडळात लगेच शिरा. गावात दोन मंडळं असतील आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसेल (हे ‘असतील तर’ उगाच लिहिलं), तर दोन्हींत शिरा. इकडे बसून तिकडच्यांना नावं ठेवली जातात, त्यात मान हलवायची. तिकडे गेल्यावर पुन्हा हलवायची. एकदा का कोण कोणाचा हे कळलं की निम्मी समीक्षा आपोआप येते.

हिवाळ्यात मळ्यात काव्यवाचन ठेवा. बामणोदची वांगी काड्यांवर टाकली की पहिल्या कवीने उभं राहायचं. वांगी भाजून, सोलून, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचून फोडणीला जाईपर्यंत बराच वेळ जातो आणि भुकेला माणूस तोवर कुठेही जात नाही. या अवधीत अख्खी दीर्घकाव्यं पार पडलेली पाहिली आहेत. भरीत आणि कळण्याची भाकरी पानात पडल्यावर मात्र थांबा. त्यानंतरची ‘वा!’ कवितेला की ठेच्याला, हे ठरवणं भल्याभल्यांना जमलेलं नाही.

मग पुस्तक. ते स्वखर्चानेच निघतं, त्याची लाज बाळगू नका. प्रती तीनशे छापा. प्रस्तावना अशा ज्येष्ठाकडून घ्या जो पहिली दहा पानं स्वतःच्या जडणघडणीवर लिहील; तुमच्यावर काही बोलायचं तेवढंच टळतं. प्रकाशनाला व्यासपीठावर समोरच्या खुर्च्यांपेक्षा जास्त माणसं बसवा. व्यासपीठावरचा माणूस उठून जात नाही. पुरस्काराचं तर सोपंच आहे. प्रवेश शुल्क आणि पुस्तकाच्या प्रती पाठवल्या की भूषण, रत्न, गौरव यातलं काहीतरी येतंच. शाल मात्र जपून ठेवा, आपल्याला कोणाचा तरी सत्कार करावा लागतो.

या पदव्यांना खान्देशात मोठी परंपरा आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या, धरणगावात जन्मलेल्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ करून टाकलं. शंभरावर वर्षं उलटली. त्यातून आपण एवढंच उचललं की संमेलनात पदव्या मिळतात. पोराची कविता चांगली होती, हा तपशील मधल्या काळात कुठेतरी गळाला.

काय करू नये याचा धडा हवा असेल, तर आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींकडे बघा. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे एक वेळ खपलं असतं. पुष्कळांचं त्यावाचून अडलेलं नाही. पण त्या कुठल्या मंडळात नव्हत्या, त्यांनी कोणाला अभिप्राय दिला नाही, कोणाकडून घेतला नाही. शेतात आणि जात्यावर गाणी म्हणत बसल्या. व्हायचं तेच झालं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि त्यानंतर मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ऐकून बावनकशी सोनं म्हटलं, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. त्याच वर्षी अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं होतं. निमंत्रण वेळेत हवं असेल, तर जिवंतपणीच हालचाल करावी.

साने गुरुजींचंही अनुकरण करू नका. अमळनेरला शिक्षक असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. रोज! प्रकाशन सोहळा नाही, मान्यवरांचे शुभसंदेश नाहीत. अशाने मुलांना वाचायची सवय लागते, आणि वाचणारी मुलं मोठी झाली की लेखकांची कशी अडचण होते, हे वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच अमळनेरात अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही संमेलनं एकाच वेळी भरली होती. ती संधी तुमची हुकली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. एका मांडवात ‘निमंत्रित’ नाही म्हणून रुसायचं आणि दुसऱ्या मांडवात जाऊन तो रुसवा भूमिका म्हणून मांडायचा, असा योग पुन्हा येईल. तोवर कविकट्ट्यावर नाव नोंदवा. तिथे फार तर आपली पाळी यायची वाट पाहणारे इतर कवी असतात. त्यांच्याइतका टाळ्यांना तत्पर श्रोता नाही, कारण टाळ्या वाजल्याशिवाय तुम्ही खाली उतरत नाही हे त्यांना पाठ आहे.

आता धोक्याचं. प्रत्येक गावात एक माणूस असतो जो हस्तलिखित मागून घेतो आणि खरंच वाचतो. बहुधा निवृत्त मास्तर किंवा वाचनालयातली बाई. पंधरा दिवसांनी वही परत येते तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा असतात. ‘ही ओळ ऐकीव’, ‘इथे तुमचा मळा दिसला’, ‘मधली वीस पानं काढा’. चहा पाजतो, पुढचं कधी आणता म्हणून विचारतो, आणि एकदाही ‘चिंतनगर्भ’ म्हणत नाही. वर त्याचं स्वतःचं एकही पुस्तक नाही, म्हणजे परतफेडीला जागाच नाही. वहीत खातंच उघडता येत नाही त्याचं! अशा माणसाच्या नादी लागून काही जण वर्षानुवर्षं एकच कथा पुन्हा पुन्हा लिहीत बसलेत. त्यांच्या घरी शालही नाही आणि नारळही नाही.

त्याच्याशी भांडू नका, भांडणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याला सन्मानाने बोलावून पुरस्कार निवड समितीवर घ्या. मग त्याला वाचायला वेळच मिळणार नाही.