खुलासा: २०० मेगापिक्सेलचा फोन असला की कॅमेऱ्याची गरज नाही?

‘फोन २०० मेगापिक्सेलचा, कॅमेरा २४चा, मग पैसे कशाला घालवता?’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. आकडे खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा.

ते पिक्सेल किती जागेत कोंबलेत, हे मेसेज सांगत नाही. एपीएस-सी कॅमेऱ्याचा (हा नेहमीच्या डीएसएलआरमधला एक आकार) सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, अशा फोनचा क्षेत्रफळाने त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. इतक्या कमी जागेत एकेका पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश फार थोडा येतो. म्हणूनच हे फोन नेहमीच्या मोडमध्ये १६-१६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. फोटोचे डिटेल्स उघडून बघा. आणि १२ बाय ८ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला ३६०० बाय २४०० पिक्सेल पुरतात, म्हणजे ९ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत.

तेव्हा शिकायला जुना १२ मेगापिक्सेलचा डीएसएलआर घेतला तरी काही बिघडत नाही. वाचलेले पैसे ५० एमएम एफ/१.८ लेन्सवर घाला; एफनंतरचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स ५५वर सहसा एफ/५.६पर्यंतच उघडते, ही ५० एमएमची तिच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. घरातल्या ट्यूबलाइटखाली फरक लगेच दिसतो. फक्त निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी असेल तर एएफ-डी लेन्स घेऊ नका; या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते आणि या बॉडीतही नसते, त्यामुळे ऑटोफोकस चालत नाही. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.