अण्णा, 10 पीपीएमला का घाबरता मग?

तासगावच्या आमच्या द्राक्ष ग्रुपवर परवा शेजारच्या अण्णांनी मेसेज टाकला. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, तेवढ्यानं पृथ्वी कशी तापेल? तो तर झाडांचं अन्न. पूर पूर्वीही यायचे. तापलंच असेल तर सूर्यामुळं. पुढं पाठवा.

0.04 टक्के म्हणजे 400 पीपीएम, दहा लाखांत 400 भाग. आता 420 च्याही वर. अण्णा, पीपीएम बागायतदाराला शिकवायचं? घड लांबवायला आपण 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम जी.ए., म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं संजीवक, टाकतो, ते 10 पीपीएम. चिमूटभर पूड, आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची, काट्यावर दोनदा तोलायची. माप चुकलं तर रात्रभर डोळा लागत नाही. तिथं कुणी म्हणत नाही, एवढ्यानं काय होतंय.

हवेत 99 टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन, पण जमिनीतून वर निघालेली उष्णता ते अडवतच नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. हे टिंडल या शास्त्रज्ञानं 1859 मध्येच प्रयोगशाळेत मोजलं होतं. ही अडवणूक नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं. आहे ते 15. म्हणजे वायू वाईट नाही, डोस वाढलाय. कारखानदारीपूर्वी कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएम होता. दीडपट झाला.

झाडांचं अन्न, मान्य. पण ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी आला आणि दावण्या या बुरशीच्या रोगानं घड खाल्ले, तर वेलीनं ते अन्न कुठं घालायचं?

कृष्णेला पूर यायचेच. पात्रातली बांधकामं, धरणांचे विसर्ग, हेही खरं. सगळं पाप हवामानावर ढकलणं मलाही पटत नाही. पण हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग एकदम ओतते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला. साताऱ्याच्या डोंगरातलं पाणी शेवटी येतं सांगलीच्या आयर्विन पुलाखालीच. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं.

राहिला सूर्य. त्यानं तापवलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय, तापतोय खालचा.

मेसेजमधलं 'पुढं पाठवा' तेवढं मी पाळलं नाही, अण्णा.