युरोपातली रिव्हर क्रूझ: शहरांची यादी नाही, आधी नदी बघा

रिव्हर क्रूझचं ब्रोशर हातात आलं की आपण आधी शहरांची नावं वाचतो. प्राग, साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. माझं स्पष्ट मत आहे की ही यादी सगळ्यात शेवटी वाचावी. आधी नकाशा उघडून बोट नक्की कुठून कुठे जाते आणि त्या महिन्यात त्या नदीची काय अवस्था असते, ते बघावं. आपल्याकडे ही सहल बऱ्याचदा आई-बाबांच्या निवृत्तीनंतरची किंवा लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची असते. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट, ब्रोशरमधली सगळी शहरं नदीवर नसतात. प्राग डॅन्यूब नदीवर नाही. ‘प्राग ते बुडापेस्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलीत प्रागचे दिवस हॉटेलात जातात आणि मग तीन-चार तास बसने प्रवास करून जर्मनीतल्या पासाऊ, रेगेन्सबर्ग किंवा न्यूरेंबर्गला बोट गाठावी लागते. साल्झबर्ग म्हणजे लिंझ किंवा पासाऊहून दिवसभराची बस. हायडलबर्ग ऱ्हाइनवर नाही, नेकारवर आहे. तिथेही मानहाइम किंवा श्पायरहून बसनेच नेतात. खालच्या डॅन्यूबवरची, म्हणजे नदीच्या समुद्राकडच्या भागातली ‘बुखारेस्ट’ क्रूझ प्रत्यक्षात जुर्जूला संपते आणि तिथून बुखारेस्ट साठेक किलोमीटर आहे. यात फसवणूक नाही, हे सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण सात रात्रींतले दोन दिवस बसमध्ये जाणार असतील तर ते आधी कळायला हवं.

आता बोट. या बोटी बहुतेक 135 मीटर लांब आणि साडेअकरा मीटरच्या आत रुंद असतात. रुंदी इतकीच असण्याचं कारण एकच. ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांना जोडणाऱ्या 171 किलोमीटरच्या माइन-डॅन्यूब कालव्यावरची लॉक 12 मीटर रुंदीची आहेत. हा कालवा 1992 मध्ये पूर्ण झाला. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला काँक्रीटचा लांबलचक हौद. बोट आत घेतात, दरवाजे लावतात, पाणी भरून किंवा सोडून बोट वर चढवतात किंवा खाली उतरवतात. या कालव्याच्या लॉकमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते. डेकवरून हात लांब केला तर ओल्या, शेवाळलेल्या भिंतीला लागेल इतकी ती जवळ येते, म्हणून हात बाहेर काढायचा नाही. रात्री दोन वाजता बोट भिंतीला घासल्याचा आवाज येतो, हलका धक्का बसतो. अपघात झालेला नसतो, फक्त लॉक आलेलं असतं. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे सोबत ठेवा आणि बोटीच्या शेवटच्या टोकाची, इंजिनाजवळची केबिन घेऊ नका.

केबिन साधारण 150 ते 180 चौरस फुटांची असते. सगळ्यात खालच्या डेकवर खिडकी उघडत नाही, ती पाण्याच्या जरा वर, डोक्याच्या उंचीला असते. मधल्या डेकवर बहुधा फ्रेंच बाल्कनी मिळते, म्हणजे सरकतं काचेचं दार आणि पुढ्यात कठडा. बाहेर उभं राहायला जागा नसते. खऱ्या बाल्कनीसाठी बरेच जास्त पैसे मोजावे लागतात आणि मला ते मोजण्यात अर्थ वाटत नाही. बोट रात्रभर चालते आणि दिवसा धक्क्याला असते. धक्क्याला जागा कमी असली की दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. मग तुमच्या बाल्कनीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीची खिडकी येते, पडदा ओढून बसावं लागतं आणि किनाऱ्यावर जायला शेजारच्या बोटीच्या लॉबीतून किंवा वरच्या डेकवरून जावं लागतं. नदी बघायची जागा म्हणजे वरचा उघडा डेक. पैसे मधल्या डेकवर, बोटीच्या मध्यभागी असलेल्या केबिनसाठी खर्च करा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणखी एक. लिफ्ट असली तरी ती बहुधा मधल्या डेकांपुरतीच असते. खालच्या डेकला आणि वरच्या उघड्या डेकला जिना चढावाच लागतो. पाण्याची पातळी बदलली की धक्क्यावर उतरायची फळी कधी सपाट, कधी चांगलीच तिरकी होते. शहरातला फेरफटका दोन-अडीच तासांचा आणि दगडी फरसबंद गल्ल्यांतून असतो. बहुतेक कंपन्या सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट करतात, पहिल्याच संध्याकाळी त्यात नाव द्या. बोटीवर सहसा डॉक्टर नसतो. समुद्रातल्या क्रूझवर असतो म्हणून इथेही असेल असं धरून चालू नका. नेहमीची औषधं चार-पाच दिवस जास्तीची आणि प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा. बोट लागण्याची भीती मात्र सोडून द्या, नदीवर बोट डोलत नाही म्हटलं तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा, पाणी. ऱ्हाइनवर काउब नावाच्या गावात पाण्याची पातळी मोजतात. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथला आकडा 25 सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. बोटींच्या मार्गावर तिथे त्याहून साधारण 112 सेंटिमीटर जास्त पाणी असतं. पण क्रूझच्या बोटीला दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी लागतं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. 2022 च्या ऑगस्टमध्येही अशीच वेळ आली होती. डॅन्यूबवरची कमजोर जागा म्हणजे बव्हेरियातला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे 70 किलोमीटरचा टप्पा. तिथे पाणी अडवणारं धरण नाही, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी तिथेच बोटी अडतात.

अडल्यावर काय होतं? कंपनीच्या दोन सारख्या बोटी अडचणीच्या जागेच्या दोन बाजूंना असतील तर प्रवाशांना बसने एकीवरून दुसरीवर नेतात. नसतील तर बोट एका जागी हॉटेलसारखी उभी राहते आणि रोज बसने फिरवतात. मार्ग बदलण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो आणि राहणं-जेवण मिळालं असेल तर प्रवास विमाही सहसा भरपाई देत नाही. म्हणून ॲडव्हान्स भरण्याआधी करारातलं हे कलम वाचा आणि एजंटला थेट विचारा: बोट अडली तर दुसरी बोट आहे का?

जास्त पाण्याचंही तसंच. पाणी चढलं की बोट पुलाखालून जात नाही आणि लॉक बंद होतात. जून 2013 मध्ये पासाऊला पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं होतं, तर सप्टेंबर 2024 च्या पुरात ऑस्ट्रियातली वाहतूक थांबली होती. म्हणजे शंभर टक्के सुरक्षित महिना कोणताच नाही. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पासाऊ ते बुडापेस्ट हाच मार्ग सुचवीन आणि मे महिना सांगेन. पासाऊच्या खाली, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने पुढे, ऑस्ट्रियात धरणांची साखळीच आहे, त्यामुळे कमी पाण्याचा धोका बराच घटतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जायचंच असेल तर पासाऊच्या वर जाणारा मार्ग टाळा. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून पेगेलऑनलाइन या जर्मन सरकारी संकेतस्थळावर रोजची पातळी बघता येते.

याच मार्गावर वाखाऊ आहे, मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचा छत्तीसेक किलोमीटरचा पट्टा. 2000 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दगडी बांधांवर चढत गेलेले द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, ड्यूर्नश्टाइन गावातला निळा मनोरा आणि वर त्या किल्ल्याचे अवशेष, जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या हिवाळ्यात कैदेत होता. हा पट्टा बोट दिवसा पार करणार की रात्री, हे बुक करण्याआधी विचारा. रात्री असेल तर तो मार्ग घेऊ नका, इतकं ठाम सांगतो. शक्य असेल तर बुडापेस्टहून पासाऊकडे जाणारी फेरी निवडा. प्रवाहाविरुद्ध बोट सावकाश चालते, म्हणून हेच दृश्य जास्त वेळ बघायला मिळतं. काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसतील. डॅन्यूबवर त्या समुद्राकडून उगमाकडे मोजतात. बुडापेस्ट 1647, व्हिएन्ना 1929, पासाऊ 2226.

व्हिएन्नात बहुतेक बोटी राइश्सब्रुक पुलाजवळ लागतात. तिथून यू-वन मेट्रोने चार स्टेशनांवर श्टेफान्सप्लात्झ हा शहराच्या मध्यावरचा चौक येतो, कंपनीची महागडी बस घ्यायची गरज नाही. बोट नुसडोर्फच्या धक्क्याला लागली तर जरा लांब पडतं.

जेवणाचं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मेत्र दॉतेल म्हणजे जेवणघराच्या प्रमुखाला स्वतः भेटा. तिकडे शाकाहारात अंडं धरतात आणि सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून ‘मांस नको’ एवढंच न सांगता रस्सा, जिलेटिन आणि मासे हेही शब्द घ्या. जैन जेवणाची खात्री लेखी मिळाल्याशिवाय धरू नका. केबिनमध्ये किटली किंवा कॉइल लावायला बंदी असते. लाउंजमधल्या यंत्रातून गरम पाणी कधीही मिळतं. थेपले, भडंग, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी, खव्याचे पदार्थ नेऊ नका, कारण दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. आंबेही नेऊ नका.

टिपेचा आकडा बऱ्याच कंपन्यांत माणशी रोज 10 ते 15 युरो धरतात. ती भाड्यात आहे का, हे विचारून घ्या. छापलेलं भाडं दोघांनी एक केबिन घेतली तर माणशी असतं. एकट्या माणसाला दीडपट ते दुप्पट पडू शकतं.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं तो, शेवटी लिहितो आहे, पण काम सुरू इथूनच करायचं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो आणि विमा किमान 30,000 युरोंचा. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. बोटीवर हॉटेलची पावती नसते, म्हणून कंपनीकडून तारीखवार बंदरांची यादी आणि पासपोर्टवर आहे तसंच प्रत्येकाचं नाव असलेलं पत्र मागा. खालच्या डॅन्यूबवर जाणार असाल तर मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा. बेलग्रेड सर्बियात आहे आणि सर्बिया शेंगेनच्या बाहेर. सिंगल एंट्रीवर सर्बियात उतरलात तर पुढे बल्गेरिया-रोमानियात शिरताच येणार नाही. बऱ्याच बोटींवर पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात. त्याच्या आणि व्हिसाच्या पानाच्या दोन प्रती काढून एक स्वतःजवळ, एक घरी ठेवून जा.