बेहड्याखाली बिया होत्या का?

सकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला. वाघजाईच्या देवरहाटीतला, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानातला, बेहडा आडवा पडलाय, बुंध्यावर कटर ठेवलाय, शेजारी चौघं हसत उभे. खाली लिहिलंय, "सभामंडपाच्या कामाला सुरुवात." त्यावर सगळ्यांचे जोडलेले हात. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाहीये.

फोटो मोठा करून बघितला. खोडाच्या वरच्या अंगाला ती ढोली दिसते. तोंडाशी करडं, वाळलेलं लिंपण आणि मधे उभी फट.

ही ढोली मला आजोबांनी दाखवली होती. मी तिसरीत असेन, शिमगा नुकताच सरला होता. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे करवंदीच्या जाळीआड त्यांनी मला बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आधी पंखांचा आवाज आला, वाफेचं इंजिन धापा टाकतंय तसा. मग गरुड आला. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, आमच्याकडे गरुडच. फटीला चोच लावून घशातून एकेक उंबर वर काढत होता आणि आत देत होता. मी मोजत होते, अठरा झाली. आजोबा कानाशी म्हणाले, "आत बाळंतीण आहे. बोलू नको."

बाळंतीणच ती. ढोलीत शिरते, विष्ठेने आणि चिखलाने तोंड लिंपून घेते. आत तिची पिसं झडतात, उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. जवळपास तीन महिने नराने आणलेल्या घासावर ती जगते, पिल्लंही. आणि हे सगळं होतं ऐन उन्हाळ्यात, आपल्याकडे पावसाआधी झाडं पाडायची घाई असते तेव्हाच. वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. कटर चालवणाऱ्याला हे कोणी सांगितलं होतं का?

चुलतभावाला फोन लावला. एकच विचारलं, "झाडाखाली बिया होत्या का?" कारण आजोबांनी ती खूण शिकवली होती. ढोलीच्या बरोबर खाली रानजायफळाच्या, काजऱ्याच्या ताज्या बिया पडलेल्या दिसल्या की समजायचं, आत कोणीतरी आहे. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, नारळ फोडायच्या आधी सगळं झाडून काढलं होतं."

झाडून काढलं.

अरे, याच देवरहाटीतली वाळकी काटकी आजीने कधी चुलीत घातली नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे निसर्ग अभ्यासक १९७०च्या दशकात देवराया बघत फिरले, तेव्हा त्यांना दिसलेली जुनी झाडं सरकारी पहाऱ्याने राहिली नव्हती, देवाच्या धाकाने राहिली होती. आणि आज त्याच देवीच्या नावाने वर्गणी काढून तिचंच रान तोडताय? मीही दिलेत पाच हजार. पावती समोर आहे, बघवत नाही.

मंडप लागतो, मान्य. म्हातारी माणसं पालखीला उन्हात उभी राहतात, हेही खरं. पण पायऱ्यांच्या खाली मोकळी जागा पडलीये, तिथे बांधा. तिथे गाडी वळवायला अडचण होते, म्हणून झाड पाडलं!

ग्रुपवर लिहिलं तर कमिटीतल्या एकाने उत्तर दिलं, सासरी गेलेल्या मुलींनी गावच्या देवात पडू नये. वर्गणी मागताना मी माहेरवाशीण होते. बाळंतिणीला घरासकट पाडलं त्यावर बोलायला मी परकी?

त्या पोरांवर मात्र माझा राग नाही. त्यांना कोणी जाळीआड बसवून दाखवलंच नाही. आजोबा गेले आणि आम्ही सगळे मुंबईला आलो. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, लोकांनी मिळून गावातल्या झाडापाखरांची नोंदवही करायला हवी. त्या वहीत हा बेहडा लिहायला मी तरी कुठे गेले? आपल्याच जिल्ह्यात काही गावकरी धनेशाच्या घरट्यांची झाडं राखतात. त्यांच्याकडे जाऊन शिकता आलं असतं.

हे लिहीत असताना भावाचा पुन्हा फोन आला. पऱ्यावरच्या सातविणीवर लाल रंगाची खूण केलीये, पुढचा नंबर तिचा. तो स्वतःहून तिथे जाऊन आला. कटरवाला सोमवारी येणार आहे.

"ताई," म्हणाला, "खाली बिया आहेत. ओल्या आहेत."

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. गावातले, मुंबईतले, ज्यांना जमेल त्यांनी रविवारी सकाळी सातविणीजवळ या. कमिटीतल्यांनीही या. आवाज करू नका, पऱ्याच्या अलीकडेच थांबा. आणि खालचं काही झाडू नका.