संपाने खाणी बुडाल्या म्हणे! आधी तारखा तरी बघा

चार दिवस झाले तोच फॉरवर्ड फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, काल मामांनीही टाकला. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडच्या खाणकामगारांनी १९८४ मध्ये वर्षभर संप केला, त्यामुळे नफ्यातल्या खाणी बंद पडल्या नि गावं ओस पडली, कोळसा तसाही संपलेलाच होता, उरलंसुरलं पर्यावरणवाल्यांनी मारलं. शेवटी 'आपले गिरणी कामगारही असेच' आणि हात जोडलेला इमोजी.

आता संप आधी की टाळं आधी ते बघू. यॉर्कशरमधली कॉर्टनवूड खाण घ्या. शेजारची एल्सकारची खाण बंद झाली तेव्हा तिथली माणसं इकडे आणली, सांगितलं काळजी नको, अजून पाच वर्षं तरी आहेत. ती माणसं जरा रुळतायत तोच १ मार्च १९८४ ला निरोप आला, ही पण बंद करतोय. पाठोपाठ खाणी चालवणाऱ्या सरकारी कोल बोर्डाने देशभराचा आकडा दिला, २० खाणी, २०,००० नोकऱ्या. संप यावर झाला हो! गेटवर पहाऱ्याला त्यांनी एक झोपडी उभारली आणि नाव काय ठेवलं तर 'अलामो', टेक्सासमधला तो वेढा पडलेला किल्ला, म्हणजे आपण घेरले गेलोय हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. युनियनचा नेता आर्थर स्कारगिल सांगत होता की यादी २० ची नाही, सत्तरच्या वर आहे, सरकार म्हणालं थापा मारतोय. २०१४ मध्ये तेव्हाची सरकारी कागदपत्रं खुली झाली, त्यात तीन वर्षांत ७५ खाणी बंद करायचा बेत निघाला.

संपात चुका नव्हत्या असं मी म्हणत नाहीये. युनियनने देशपातळीवर सभासदांचं मतदान घेतलं नाही, नॉटिंगहॅमशर परगण्यातले खाणकामगार बहुतेक कामावरच राहिले, आणि थंडी सरताना, वीजकेंद्रांत कोळशाचे ढीग लागलेले असताना संप, म्हणजे छत्रीवाल्यांनी दसऱ्याला संप करण्यासारखं झालं. पण संप हरणं वेगळं आणि संपामुळे खाणी जाणं वेगळं.

'नफ्यातल्या' हे तर दोन्ही बाजूंना सोयीचं मिथक. १९४७ ला खाणी सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा साडेनऊशेच्या आसपास होत्या, संपाच्या वेळी उरल्या होत्या साधारण १७०. मधल्या कुठे गेल्या? रेल्वे डिझेलवर गेली, घरात गॅस आला, तेल स्वस्त होतं. साठच्या दशकातल्या विल्सनच्या मजूर सरकारच्या काळात दोनशेच्या वर बंद झाल्या, तेव्हा थॅचरबाई, म्हणजे संपाच्या वेळच्या पंतप्रधान, सत्तेच्या जवळपासही नव्हत्या (हे 'सगळं थॅचरने केलं' वाल्यांसाठी). डरहॅम परगण्यात तर १९५१ च्या विकास आराखड्यात शंभरावर गावांवर 'ड' वर्गाचा शिक्का मारला, इथे नवी घरं नाहीत, नवा खर्च नाही. म्हणजे गाव कागदावर आधीच मेलं, माणसं आपली खाली उतरतच होती.

कोळसा संपला म्हणता? वेल्समधली टॉवर कोलियरी १९९४ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केली. तिथल्या २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड काढले, खाणच विकत घेतली आणि जानेवारी १९९५ मध्ये परत चालू केली. ती चालली २००८ पर्यंत! ज्या खाणीला साहेबांनी मेलेली ठरवलं तिने पुढे तेरा वर्षं पगार दिले.

पर्यावरणाचं थोडक्यात. केलिंगली ही तिथली शेवटची खोल खाण १८ डिसेंबर २०१५ ला बंद झाली, पण कोळसा जाळणं चालूच होतं, फक्त तो रशिया, कोलंबिया, अमेरिकेहून बोटीने यायचा, स्वस्त पडायचा म्हणून. कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं ते ३० सप्टेंबर २०२४ ला.

आणि गिरण्यांचं उदाहरण द्यायचंच असेल तर निदान एवढं तरी बघा की कॉर्टनवूडच्या जागेवर आता शॉपिंग पार्क आहे. लोअर परळला उतरणाऱ्याला याचं नवल वाटायला नको.

मामा, 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची वेळ गेली असेल तर निदान त्याखाली हे चिकटवा.